झेंडे फिरले, कामगार कुठे?
(पिंपरी येथे गिरणी कामगारांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सभेत दोन पिढ्या बसल्या आहेत. एक पिढी मुंबईच्या गिरणीत साच्यावर उभी राहिलेली. तिने भोंग्यावर उठून पाळ्या केल्या, बदली कार्ड हातात घेऊन दरवाजावर ताटकळत काढली. दुसरी पिढी तिच्या मुलांची नि सुनांची. ती भोसरीच्या, आकुर्डीच्या, चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर राबते आहे. ह्या दोन्ही पिढ्यांना एकच प्रश्न सतावतो आहे, आणि तो तुम्ही मला चहाच्या टपरीपासून मंडपापर्यंत विचारलात. "साहेब, ज्याच्या विरुद्ध आम्ही मत दिलं, तोच आमच्या माणसाच्या मांडीला मांडी लावून बसला. मग आम्ही मत दिलं ते कुणाला?"

प्रश्न रास्त आहे. आणि त्याला नुसत्या शिव्या हे उत्तर नव्हे. शिव्या घालायला अक्कल लागत नाही, नि शिव्या खाऊन पुढाऱ्याचं काही बिघडत नाही. तेव्हा आज आपण थोडं थंड डोक्याने बघू की पक्ष हे असे फिरतात तरी का, त्यांच्यामागची माणसं कधी फिरतात, आणि ह्या फिराफिरीत कामगाराचं काय होतं.

आधी आपल्या दारातलंच उदाहरण घेऊ. चाकण आणि भोसरी ही शिरूर लोकसभा मतदारसंघात येतात. २०१९ साली तिथे शिवसेनेचे शिवाजीराव आढळराव पाटील उभे होते. २००४, २००९ आणि २०१४ असे तीनदा निवडून आलेले खासदार. त्यांच्यासमोर राष्ट्रवादीच्या घड्याळावर डॉ. अमोल कोल्हे उभे होते, आणि ते स्वतः त्याच्या आधी शिवसेनेत होते. कोल्हे जिंकले. पाच वर्षं गेली. २०२४ साली तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. पण ह्या वेळी घड्याळ होतं आढळरावांकडे! कोल्हे तुतारी घेऊन उभे होते. म्हणजे ज्या बाईने २०१९ ला आढळरावांना पाडायचं म्हणून घड्याळाचं बटण दाबलं, तिने सवयीने २०२४ ला तेच बटण दाबलं असतं तर मत आढळरावांनाच गेलं असतं. निकालात कोल्हे पुन्हा जिंकले. त्या मतदारसंघातल्या लोकांनी चिन्हापेक्षा माणूस नि त्याची बाजू बघितली, एवढं तरी त्यातून दिसतं. पण विचार करा, केवढी कसरत सामान्य माणसाच्या डोक्याला!

हे आजचं नवीन नाही. ज्या संयुक्त महाराष्ट्राचं नाव घेऊन आपण सभा भरवतो, त्या चळवळीचा इतिहास हाच मुळी पक्षांच्या जुळण्याचा नि उसवण्याचा इतिहास आहे. तो नीट समजला तर आजचं कोडं निम्मं सुटतं.

पहिली गोष्ट काँग्रेसची. १९२० साली नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने भाषावार प्रांतांचं तत्त्व मान्य केलं आणि आपल्या प्रांतिक कमिट्या भाषेप्रमाणे बांधल्या. का? तर इंग्रजाविरुद्ध लढायला शेतकरी, कारकून, मास्तर असा सगळा माणूस हवा होता, आणि त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलावं लागणार होतं. स्वराज्य आलं. राज्य चालवायची जबाबदारी अंगावर पडली, फाळणीची जखम ताजी होती, आणि मुंबईच्या भांडवलदारांचा शब्द दिल्लीत चालत होता. लगेच तत्त्व थंडावलं. १९४८ च्या अखेरीस नेहरू, वल्लभभाई आणि पट्टाभि ह्यांची समिती नेमली गेली, आणि तिने भाषावार प्रांत लांबणीवर टाका असा सल्ला दिला. पुढे आंध्रात पोट्टी श्रीरामुलू उपोषणात गेले, तेव्हा १९५३ साली आंध्र राज्य द्यावं लागलं. महाराष्ट्राला मात्र १९५५ च्या राज्य पुनर्रचना आयोगाने द्विभाषिकाचा तुकडा दाखवला, आणि १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा झाली. शेवटी १ मे १९६० रोजी त्याच काँग्रेसने, त्याच नेहरूंच्या हयातीत, मुंबईसह महाराष्ट्र दिला.

म्हणजे चाळीस वर्षांत एकाच पक्षाची एकाच प्रश्नावर तीन तोंडं झाली. १९२० ला होय, १९४९ ला नाही, १९६० ला पुन्हा होय. ह्या मधल्या "नाही"चं "होय" कुणी केलं? कुणाच्या मनात एका रात्रीत प्रकाश पडला काय? मुळीच नाही. मतपेटीने आणि रस्त्याने केलं. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण उडाली. द्विभाषिकाचं राज्य तिने राखलं ते गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या जोरावर. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तर घाटात समितीची निदर्शनं. पक्षाला कळून चुकलं की ही भूमिका ठेवली तर घर मोडतं. तेव्हा भूमिका मोडली, घर राखलं.

तेव्हा पहिलं सूत्र लक्षात ठेवा. पक्षाचा विचार बदलतो तो बहुधा पुस्तक वाचून नव्हे. जुनी भूमिका धरून ठेवण्याची किंमत ती सोडण्याच्या किमतीपेक्षा जास्त झाली, की तो बदलतो. आणि ती किंमत वाढवणं हे जनतेचं काम असतं.

आता दुसरी गोष्ट संयुक्त महाराष्ट्र समितीची. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात, टिळक स्मारक मंदिरात, समिती स्थापन झाली. बैठकीचे अध्यक्ष कोण? केशवराव जेधे. ह्या एका माणसाचा प्रवास बघा. ब्राह्मणेतर चळवळीत वाढले. १९३० च्या सुमारास बहुजन समाजाला काँग्रेसमध्ये घेऊन गेले. स्वराज्यानंतर काँग्रेस सोडून शेतकरी कामगार पक्ष काढणाऱ्यांत ते होते. मग परत काँग्रेसमध्ये गेले. आणि त्यानंतर काँग्रेसशीच झुंजणाऱ्या समितीच्या स्थापनेला अध्यक्ष म्हणून बसले. आजच्या भाषेत त्यांना कुणी "पक्षबदलू" म्हणेल. पण त्यांच्या प्रत्येक वळणावर एक सवाल उभा होता. हा बहुजन शेतकरी कुठे उभा राहिला तर त्याचं भलं? उत्तर कधी बरोबर आलं असेल, कधी चुकलं असेल. सवाल मात्र सुटला नव्हता. नुसतं घर बदलणं आणि सवाल घेऊन घर बदलणं, ह्यात फरक आहे.

आणि समितीत बसले कोण? एस. एम. जोशींचे प्रजासमाजवादी, कॉम्रेड डांग्यांचे कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, जनसंघ, हिंदुमहासभा. अहो, ही एकमेकांच्या घरचं पाणी न पिणारी मंडळी! समाजवादी आणि कम्युनिस्ट ह्यांचं बेचाळीसपासून हाडवैर. १९५२ साली मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकर पडले त्याला कम्युनिस्ट कारण झाले, अशी फेडरेशनची तक्रार. आणि पाच वर्षांनी, १९५७ साली, हीच माणसं एका जाहीरनाम्यावर! डांगे मुंबईतून प्रचंड मतांनी लोकसभेवर गेले, क्रांतिसिंह नाना पाटील साताऱ्यातून गेले, दादासाहेब गायकवाड नाशिकहून गेले. १९५८ साली मुंबईच्या महापौराच्या खुर्चीवर गिरणी कामगारांचे जुने पुढारी कॉम्रेड मिरजकर बसले.

ही मोट कुणी बांधली? पुढाऱ्यांनी बांधली म्हणतात, ते अर्धं खरं. ती आधी गिरणगावात बांधली गेली होती. चाळीत एका जिन्यावर कोकणातला नि घाटावरचा, मराठा नि महार, माळकरी नि लाल बावट्यावाला एकत्र नांदत होते. १९२८ चा सहा महिन्यांचा संप त्यांनी एकत्र पाहिला होता. ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलहाच्या काळ्या बिलाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटा ह्यांनी मिळून संप केला होता. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या खाणाऱ्यांत आणि पुढे जानेवारीत पडलेल्यांत गिरणीतली माणसं होती. तुम्ही विणकर लोक आहात, तुम्हाला सांगायला नको. कापडाला उभा ताणा लागतो आणि आडवा बाणा लागतो. समितीच्या कापडात मराठी बाणा होता, पण ताणा होता कामगाराच्या पोटाचा. मुंबई कुणाची, ह्या प्रश्नाचा अर्थ कामगाराने असा लावला की जिथे मी घाम गाळतो तिथे माझ्या भाषेला नि माझ्या हक्काला जागा आहे की नाही.

आणि मग १९६० उजाडलं. महाराष्ट्र मिळाला, मंगल कलश आला, आणि समितीचं कापड उसवू लागलं. सीमाभाग राहिला होता, बेळगाव-कारवार-निपाणी राहिलं होतं, तरीही. का? कारण एका मागणीवर जमलेली माणसं मागणी पुरी झाली की आपापल्या गावी जातात. चीनच्या प्रश्नावर कम्युनिस्ट आणि समाजवादी ह्यांची आधीच जुंपली होती. प्रजासमाजवादी पक्ष बाहेर पडला. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा १९५७ साली रिपब्लिकन पक्ष झाला होता, पण पुढे त्याचीही शकलं झाली.

आणि तिकडे यशवंतराव चव्हाणांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. ज्या बहुजन शेतकऱ्याने १९५७ ला काँग्रेसला पाडलं, त्यालाच त्यांनी घरात घेतलं. सहकारी साखर कारखाने उभे राहिले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. शेतकरी कामगार पक्षातले नि समाजवादी पक्षातले पुढारी एकामागून एक काँग्रेसमध्ये गेले. १९६२ च्या निवडणुकीत विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसच्या! पाच वर्षांपूर्वी ज्या पक्षाचे पुतळे जाळले त्याला. आपली मागणी, आपले पुढारी आणि आपला शेतकरी मतदार, तिन्ही सत्ताधाऱ्यांनी उचललं. राहिला कोण? शहरातला कामगार. कारखाना परिषदेसारखं, सोसायटीसारखं त्याच्या हाती काय दिलं? काही नाही. उलट गिरणीत १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकच मान्यताप्राप्त युनियन, आणि ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगाराने कुणालाही पुढारी म्हणो, वाटाघाटीला बसणार संघच.

हे दुसरं सूत्र. युती मोडली की तिच्यातला संघटित आणि मालमत्तेचा धनी असलेला भाग सत्तेकडे सरकतो. उरलेला भाग पोरका होतो. आणि पोरक्या माणसाला जवळ घेणारा नवा कुणीतरी येतोच.

तो आला. १९ जून १९६६ ला शिवसेना निघाली. समितीच्या अग्रभागी असलेल्या प्रबोधनकार ठाकऱ्यांच्या घरातूनच ती निघाली. समितीने म्हटलं होतं, मुंबई महाराष्ट्राची. सेनेने विचारलं, मग मुंबईतली नोकरी कुणाची? प्रश्न खोटा नव्हता. मराठी पोरं मॅट्रिक होऊन चाळीच्या कठड्यावर बसलेली होती. पण उत्तराचं बोट मालकाकडे न वळता शेजारच्या मद्राशी कारकुनाकडे वळलं, आणि मग लाल बावट्याकडे. १९६८ च्या महापालिका निवडणुकीत सेनेने ४२ जागा मिळवल्या. तिच्या सोबतीला कोण होतं? प्रजासमाजवादी पक्ष! समितीतला जुना भागीदार. जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई ह्यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई उभ्या राहिल्या, आणि सेनेचे वामनराव महाडिक १,६७९ मतांनी निवडून आले. दीड हजारांच्या थोडी वरची ती तफावत. पण तिने सांगितलं की गिरणगावाचा निम्मा कौल ह्या कुशीवरून त्या कुशीवर वळला आहे. माणसं तीच, चाळ तीच, नि गणपतीही तोच.

कोणी म्हणेल, कामगार फितूर झाला. मी म्हणत नाही. लाल बावट्याने त्याला कामगार म्हणून ओळखलं, पण पाळी संपल्यावर घरी गेलेला माणूस, बेकार पोराचा बाप, आपल्या भाषेचा अभिमानी माणूस म्हणून त्याच्याकडे पुरेसं पाहिलं नाही. सेनेने त्याला शाखा दिली, नळाच्या भांडणात येणारा शाखाप्रमुख दिला. रुग्णवाहिका दिली. पक्षाला मतं मिळतात ती नुसत्या जाहीरनाम्याने नव्हे. अडीअडचणीला धावून येणाऱ्या माणसामुळे मिळतात.

पुढे १८ जानेवारी १९८२. अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. मागणी पगाराची होती, बोनसची होती, बदलीवाल्यांना कायम करण्याची होती, आणि त्या १९४६ च्या कायद्याचं जोखड काढण्याची होती. संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. तो विझला, गिरण्याही विझल्या. पण त्यात एक गोष्ट घडली ती विसरू नका. डिसेंबर १९८४ मध्ये देशभर राजीव गांधींची लाट होती, काँग्रेसला चारशेवर जागा गेल्या, आणि त्या लाटेत गिरणगावाने दत्ता सामंतांना काँग्रेसविरुद्ध लोकसभेवर पाठवलं. म्हणजे पोटाचा ताणा अजून तुटला नव्हता. लगेच १९८५ साली "मुंबई महाराष्ट्रापासून तोडणार" ह्या हाकेवर त्याच शहराने महापालिका शिवसेनेला दिली. एकच मतदार काही महिन्यांत एकदा कामगार म्हणून मत देतो, एकदा मराठी म्हणून देतो. तो वेडा नाही. त्याच्या दोन्ही गरजा एकत्र मांडणारं कुणी उरलं नव्हतं.

नि मग जमीन गेली. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीची जमीन विकसित झाली तर एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला, असा हिशेब होता. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली की ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, बांधकामाखालच्या नव्हे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. १९९१ ला राज्य काँग्रेसचं, १९९५ ला युतीचं, २००१ ला काँग्रेस-राष्ट्रवादीचं. सरकारं बदलली, झेंडे बदलले, टॉवर मात्र एका रांगेत उभे राहिले. घरासाठी अर्ज केलेले गिरणी कामगार नि त्यांचे वारस दीड लाखांच्या वर आहेत. बहुतेकांना अजून किल्ली दिसलेली नाही. कुणा पक्षाने म्हटलं आहे काय, की गिरणी कामगाराला घर देऊ नका? एकानेही नाही. ज्या मागणीला सगळेच होय म्हणतात आणि जिच्यावाचून कुणाचंच अडत नाही, ती मागणी मेली समजा.

आता आपल्या पिंपरी-चिंचवडला या. इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आलं १९५४ च्या सुमारास. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघालं. टेल्को आली, बजाज आली, पाठोपाठ शेकडो लहान वर्कशॉप आले. १९७० साली नगरपालिका झाली, अण्णासाहेब मगर पहिले नगराध्यक्ष. १९८२ साली महापालिका. लक्षात आलं का? ज्या वर्षी परळचा भोंगा बंद पडत होता, त्याच वर्षी इथे महापालिका होत होती. कारखानदारी घाट चढून वर येत होती. इथेही कामगार लढला. सप्टेंबर १९८९ मध्ये टेल्कोचे कामगार राजन नायर ह्यांच्या मागे पुण्यात शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले, पोलिसांनी त्यांना उचलून नेलं. पण त्या लढ्यातून इथे कामगारांचा राजकीय पक्ष उभा राहिला नाही. का राहिला नाही, ह्याचं उत्तर जमिनीत आहे.

इथला मूळ शेतकरी जमीन विकून गुंठेवारीचा धनी झाला, तिथून बांधकामात नि ठेकेदारीत गेला, आणि मग नगरसेवक झाला. बाहेरगावचा कामगार आला, त्याने फंड काढून, बायकोचं मंगळसूत्र गहाण ठेवून एक-दीड गुंठा घेतला नि त्यावर दोन खोल्या बांधल्या. त्या खोल्या ठरल्या अनधिकृत. पाडापाडीची टांगती तलवार, वरून शास्तीकर. आता हा माणूस कारखान्यात कामगार आहे, पण मतदानाच्या दिवशी तो आहे अनधिकृत घराचा मालक. त्याला युनियनपेक्षा नगरसेवकाची गरज जास्त. जो घर वाचवील त्याच्याबरोबर तो जाणार. वर्षानुवर्षं इथली सत्ता राष्ट्रवादीची. २०१७ ला काय झालं? भारतीय जनता पक्ष १२८ पैकी ७७ जागांवर निवडून आला, राष्ट्रवादी ३६ वर आली, सेना ९ वर. शहरातली माणसं बदलली काय? नाही. ज्यांच्या हाती वॉर्डातलं यंत्र होतं, ती माणसं पक्षासकट हलली. भोसरीचे महेश लांडगे राष्ट्रवादीचे नगरसेवक, २०१४ ला अपक्ष आमदार, मग भाजपचे. चिंचवडचे लक्ष्मण जगताप राष्ट्रवादीत होते, २००९ ला अपक्ष आमदार झाले, २०१४ ला मावळ लोकसभेला शेतकरी कामगार पक्षाच्या पाठिंब्यावर लढले, आणि त्याच वर्षी विधानसभेला भाजपचे आमदार! जेध्यांनी काढलेल्या पक्षाचा बावटा चिंचवडात असा वर्षभराच्या वाटेवरची धर्मशाळा झाला. शास्तीकर अखेर २०२३ साली माफ झाला. म्हणजे घरमालक म्हणून मतदाराने जे मागितलं, ते त्याला मिळालं. मग कामगार म्हणून मागितलेलं का मिळत नाही? कारण कामगार म्हणून त्याने एकजुटीने मत टाकल्याचं पुढाऱ्याला दिसलंच नाही.

आणि चाकणचा पोरगा? तो लातूरचा, बीडचा, बुलढाण्याचा, नाही तर बिहारचा. सात-आठ जण एका खोलीत राहतात. कंत्राटदार बदलतो, गेटपास बदलतो. त्याचं मतदार यादीतलं नाव गावाकडे. ज्या आमदाराच्या हद्दीत तो राबतो त्याला ह्याच्या मताची भीती नाही, आणि ज्या गावचं मत त्याच्याजवळ आहे तिथल्या आमदाराला चाकणच्या कंत्राटाशी देणंघेणं नाही. तो दोन्हीकडून बेवारस. ही नुसती गैरसोय नव्हे. त्याच्या पगाराचं राजकारण इथेच मरतं.

हे सगळं फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. अमेरिकेत गुलामगिरी मोडणारा लिंकन हा रिपब्लिकन पक्षाचा. साहजिकच काळा मतदार कित्येक वर्षं त्या पक्षाचा होता. १९३० नंतरच्या मंदीत डेमोक्रॅट रूझवेल्टने कामगाराला काम नि युनियनला कायदा दिला, तेव्हा काळा मतदार तिकडे वळू लागला. १९६४ साली डेमोक्रॅट अध्यक्ष जॉन्सनने वर्णभेदाविरुद्ध कायदा केला, तर दक्षिणेतला गोरा मतदार, जो पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅट होता, तो हळूहळू रिपब्लिकन झाला. शंभर वर्षांत दोन पक्षांनी आपापली माणसं जवळजवळ अदलाबदल करून घेतली, नावं मात्र तीच ठेवली! तेव्हा पक्षाच्या नावावर नि आजोबांच्या आठवणीवर मत देणारा माणूस फसतो, मग तो अलाबामाचा असो की आंबेगावचा.

आणि आपल्या सीमाभागातही हेच घडलं. बेळगावात महाराष्ट्र एकीकरण समितीने किती वर्षं किल्ला लढवला! पण २०१८ च्या कर्नाटक विधानसभेत तिचा एकही आमदार गेला नाही, आणि २०२१ साली बेळगाव महापालिकेच्या ५८ पैकी ३५ जागा भाजपने घेतल्या. तिथला मराठी माणूस मराठी राहिला आहे, घरात मराठीच बोलतो. पण समितीत फाटाफूट झाली, प्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून राहिला, आणि धर्माच्या नावाने हाक मारणारा दुसरा मोठा पक्ष दाराशी उभा होता. माणसाची ओळख एकच नसते, बंधूंनो. ज्या ओळखीला संघटना नि आशा मिळते, तीच मतपेटीपर्यंत चालत जाते.

मुंबईत उलट झालं. पहिलीपासून हिंदीच्या सक्तीचा घाट घातला गेला. लोक खवळले, आणि जून २०२५ च्या अखेरीस सरकारने ते निर्णय मागे घेतले. ५ जुलैला वरळीत, जुन्या गिरणगावाच्या कुशीत, राज आणि उद्धव ठाकरे वीस वर्षांनी एका व्यासपीठावर आले. भाषेने अजूनही माणसं जोडता येतात, हे सिद्ध झालं. पण १९६० चा धडा विसरू नका. नुसत्या बाण्यावर जमलेली मोट मागणी पुरी झाली की सुटते. ताण्याचे धागे तिच्यात आहेत की नाहीत, हे तुम्ही बघायचं.

आता शेवटचं सांगतो. २१ नोव्हेंबर ही तारीख आपल्याला पाठ आहे. १९५५ च्या त्या दिवशी फाउंटनवर रक्त सांडलं. बरोबर सत्तर वर्षांनी, २१ नोव्हेंबर २०२५ ला, देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या एकीप्रमाणे तीनशेपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला कामगार कमी करायला किंवा टाळं लावायला सरकारची परवानगी लागत नाही. पूर्वी ही मर्यादा शंभरची होती. संपाआधी चौदा दिवसांची नोटीस आता सगळ्याच कारखान्यांना लागू. भोसरीच्या किती शेडमध्ये तीनशे माणसं असतील, तुम्हीच मोजा. आणि हे मोजताना आठवा, १९३८ साली काळ्या बिलावर गिरणगाव एका दिवसात बंद पडलं होतं. ह्या वेळी ह्या पट्ट्यातल्या किती उमेदवारांना आपण ह्यावर त्यांची बाजू विचारली?

म्हणून पुढे कुणी पक्ष बदलून तुमच्या दारात आला, तर त्याला हाकलू नका आणि हारही घालू नका. खाली बसवा, चहा द्या आणि तीन गोष्टी विचारा. पहिली, तू घर बदललंस तेव्हा कुठला सवाल बरोबर आणलास, की नुसतं गाठोडंच आणलंस? दुसरी, तुझ्या नव्या घरात आधीपासून कोण बसलं आहे, आणि तिथे आमच्यासाठी पाट मांडलाय का? तिसरी, कंत्राटी कामगार कायम करणं, गिरणी कामगाराचं घर, ह्या नव्या संहिता, ह्यांवर तुझं मत लेखी देतोस का? जो लेखी देईल तो कागद जपून ठेवा. जो देणार नाही, त्याचं नाव वस्तीत सांगा.

आणि एक काम आपल्या बाजूचं. चाकणला खोलीत राहणाऱ्या पोरांची नावं, त्यांची मर्जी असेल तर, इथल्या मतदार यादीत घाला. अर्ज साधा आहे, खर्च काही नाही. परळचा मतदार १,६७९ मतांनी इतिहास फिरवू शकला. मग आपल्या एकेका वसाहतीत किती मतं नुसती पडून आहेत, त्याचा हिशेब करा. पुढारी आकडा बघून फिरतो. तो आकडा आपण त्याला दाखवला पाहिजे.

पक्ष फिरणार. ते फिरणारच, ते चाक आहे. पण चाकाला पट्टा कुणाचा लावायचा, मालकाचा की कामगाराचा, हे ठरवायला १९५७ साली तुमच्या बापाजवळ काही फार मोठं साधन नव्हतं. एक मत होतं, एक युनियन होती, आणि शेजारच्या खोलीतला वेगळ्या जातीचा, वेगळ्या बावट्याचा माणूस होता. त्याला त्याने आपला म्हटलं, एवढंच. तुमच्याजवळही ती तिन्ही आहेत.

जय महाराष्ट्र! कामगार एकजुटीचा विजय असो!